जीप उंच करण्याआधी तिचे पोट मोजा

घरची गाडी, घरची निगा



आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली, काजूची बी वाळवून पोत्यात भरली, की आपल्या सिंधुदुर्गातला बागायतदार जरा निवांत होतो. मग त्याला हंगामातला एकेक त्रास आठवू लागतो. सड्यावरच्या बागेत जाताना गाडी कातळाला किती वेळा घासली, पाणंदीत मधल्या उंचवट्यावर किती वेळा पोटावर बसली, आणि भरलेले क्रेट उतरवून ती किती वेळा ढकलावी लागली, याचा हिशेब मनात चालू होतो. त्यातच गावातला कोणी तरुण आपली जीप हातभर उंच करून आणतो. ती पाहिली की आपल्यालाही वाटते, पावसाळ्यात गाडी उभीच आहे, तर आपणही उंच करून घ्यावी.

देवगड तालुक्यातील एका बागायतदार वाचकांनी हेच विचारले आहे. त्यांच्याकडे पाट्यांवर चालणारी जुनी डिझेल फोर व्हील जीप आहे. बाग सड्यावर, घर खाली वाडीत, आणि मधे व्हाळ. हंगामात क्रेट वाहायचे आणि एरवी घरच्या माणसांना बाजाराला, दवाखान्याला न्यायचे, अशी दोन्ही कामे त्याच गाडीकडे. "गाडी चार बोटे उंच करावी काय, आणि करायची तर कशी?" असा त्यांचा प्रश्न आहे. अशा गाड्या आपल्यापैकी पुष्कळांकडे आहेत, म्हणून या खेपेस तोच विषय घेतो.

आधी घरची गोष्ट सांगतो

माझ्या थोरल्या भावाने काही वर्षांपूर्वी अशीच जीप उंच करून घेतली होती. पाट्यांची शेकल कापून, वेल्डिंग करून लांब केली आणि प्रत्येक बाजूला दोन जादा पाटे घातले. एका दिवसात काम झाले. गाडी घरी आली तेव्हा दादा फार खुशीत होता. "गाडी चार बोटां वर घेतलंय, आता खंयचोय धोंडो येंवदे!" असे तो खळ्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे ओढू लागली. रिकामी असताना एवढे हादरे देई की वहिनी पाठ धरून बसत. तरी दादा म्हणे, होईल सवय. मग एके संध्याकाळी वहिनी आणि दोन मुले मागे बसलेली असताना गाडी व्हाळाच्या उतारावर आली. पुढचे एक चाक खड्ड्यात खोल लोंबले आणि ब्रेकची रबरी नळी ताणून फाटली. गाडी उंच केली, पण नळी पूर्वीच्याच लांबीची राहिली होती. ब्रेकचा पाय खालपर्यंत गेला आणि गाडी थांबेना. दादाने प्रसंगावधान राखून ती जांभ्याच्या गडग्यावर घातली म्हणून सगळे वाचले. मडगार्ड चेपले, एका मुलाच्या कपाळाला चार टाके पडले. घरी आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "पोरांक घेवन ह्या गाडीत मी परत बसूचंय नाय." पुढे दादाने गाडी मूळ स्थितीत आणली तेव्हाच त्या पुन्हा तिच्यात बसल्या.

ही गोष्ट गाडी उंच करूच नये असे सांगण्यासाठी नाही. उंची वाढवली की तिच्याबरोबर दहा गोष्टी जागच्या हलतात. त्या दहाही नीट करायची तयारी असेल तरच हात घालावा, नाहीतर मूळची गाडी बरी, हे सांगण्यासाठी आहे.

गाडी नेमकी कुठे अडते?

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला" अशी आपल्याकडे म्हण आहे. गाडी उंच करण्याच्या कामात ती फार लागू पडते. म्हणून गॅरेजात जाण्याआधी एक सकाळ खर्च करा. गाडी सपाट खळ्यात उभी करा, खाली पोते अंथरा आणि आडवे होऊन पाहा. ताजे ओरखडे कुठे आहेत?

ओरखडे ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, म्हणजे डिफरन्शियलच्या घरावर असतील, तर पाटे उंच करून त्याला काडीचाही फायदा नाही. हे नीट समजून घ्या. जुन्या जीपचा ॲक्सल चाकांना जोडलेला एक सलग दांडा असतो. पाटे उंच केले की वरची चौकट आणि साटा वर जातो, पण ॲक्सल होता तिथेच राहतो. तो वर जायला टायरच मोठा लागतो. टायरचा व्यास दोन इंच वाढला, तर ॲक्सल एक इंच वर जातो, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंत टायरची निम्मीच उंची असते.

ओरखडे मधल्या चौकटीवर, गिअरपेटीखाली, सायलेन्सरवर किंवा पायरीवर असतील, तर मात्र पाट्यांची उंची वाढवून फायदा होतो. पुढचा बंपर चढाला टेकत असेल, किंवा मागचा हूक उतारावरून येताना जमिनीत रुतत असेल, तरीही फायदा होतो. पण अशा वेळी बंपरचा पुढे आलेला भाग किंवा खाली लोंबणारा हूकच आधी पाहावा. कित्येकदा अडचण नंतर बसवलेल्या लोखंडाचीच असते.

इंजिनाच्या तेलाच्या तळव्याला मार बसत असेल, तर त्याखाली बोल्टने बसणारा जाड पत्र्याचा गार्ड लावणे हा स्वस्त उपाय आहे.

आता टेप घ्या. प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. मग गाडीत नेहमीचा माल भरा. भरलेला क्रेट वीस किलोचा धरला, तर वीस क्रेटचे चारशे किलो होतात. माल भरून पुन्हा मोजा. डावी-उजवी बाजू सारखी आहे का? माल भरल्यावर मागची बाजू किती खाली बसते? पाट्याच्या वरचा रबरी ठोकळा ॲक्सलला टेकतो का? हे आकडे हाती असले म्हणजे मेस्त्रीशी बोलणे सोपे जाते, आणि काम झाल्यावर खरोखर किती उंची मिळाली तेही कळते.

उंची वाढवायची की गेलेली उंची परत आणायची?

जीप मूळची लढाईतली गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून ती सहा लाखांहून अधिक बनवली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी करायला घेतली, आणि पुढे सीजे, एमएम ५४० अशा नावांनी ती खेड्यापाड्यांत पोहोचली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या सगळ्या गाड्या चारही चाकांना पाटे असलेल्या. खडकाळ वाटेवर चालण्यासाठीच त्यांची आखणी झालेली आहे.

मग त्या आज पोटावर का बसतात? पुष्कळ वेळा कारण एकच असते. पाटे थकलेले असतात. पोलादी पाट्याचा बाक वर्षानुवर्षे ओझे वाहून कमी होत जातो. त्यात आपल्याकडची खारी हवा. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीत पाट्यांच्या मधल्या फटीत गंज धरतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात, आणि एखादा आतला पाटा तुटलेला असूनही वरून दिसत नाही. अशा गाडीला कारखान्याच्या मूळ मापाचे नवे पाटे आणि नवे बुश घातले, की गेलेली उंची परत येते. गाडीच्या कागदपत्रात काही फरक पडत नाही, ब्रेकची नळी पुरते, स्टेअरिंगही बिघडत नाही. माझ्या पाहण्यात ज्या जुन्या जीपा आल्या, त्यांतल्या बहुतेकांना एवढ्याच उपचाराची गरज होती.

जुनेच पाटे ठोकून पुन्हा बाक देण्याची पद्धत आहे. जाणता कारागीर थंड पाट्यावर हातोड्याने हे करू शकतो, पण असा पाटा पुन्हा बसण्याची शक्यता असते. भट्टीत किंवा गॅसवर लाल करून वाकवलेला पाटा मात्र घेऊ नका. पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि तो पाटा एक तर लवकर बसतो किंवा नको तिथे तुटतो.

उंच करण्याच्या पद्धती

नवे पाटे घालूनही चौकट घासते आहे, वाट दुसरी नाही, आणि उंची वाढवायचीच आहे, असे ठरले तर पुढच्या पद्धती आहेत.

पहिली पद्धत जास्त बाकाचे नवे पाटे घालण्याची. ही सर्वांत चांगली. यात उंची पाट्याच्या बाकातूनच मिळते. दीड-दोन इंचांपर्यंत वाढ घरच्या गाडीला पुरे. पाटे निवडताना मेस्त्रीला आपला माल सांगा. नेहमी चारशे किलो वाहणाऱ्या गाडीचे पाटे आणि दोन माणसे नेणाऱ्या गाडीचे पाटे एकच असू शकत नाहीत. फार कडक पाटे रिकाम्या गाडीत वाकत नाहीत. मग खडबडीत जागी एक चाक हवेत राहते आणि तेवढेच गरगर फिरते. गाडी उंच दिसते, पण चढत नाही.

दुसरी पद्धत एखादा जादा पाटा घालण्याची. माल वाहताना मागची बाजू फार बसत असेल तर मागे एक पाटा घालणे ठीक. मात्र जुन्या थकलेल्या पाट्यांत नवा कडक पाटा घातला की सगळे ओझे त्या एकट्यावर येते. जादा पाटा घातल्यावर मधला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही लांब लागतात.

तिसरी पद्धत शेकल लांब करण्याची. पाट्याचे एक टोक चौकटीला पक्के असते आणि दुसरे शेकलवर झुलते. शेकल दोन इंच लांब केले, तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण उचल एकाच टोकाला मिळते. शिवाय पुढचा ॲक्सल थोडा फिरतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून मागे कललेला असतो, म्हणूनच हँडल आपोआप सरळ येते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो. जुन्या जीपला पुढचे शेकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते लांब केले की हा कल कमी होतो आणि गाडी सरळ धावेनाशी होते. दादाच्या गाडीचे हेच झाले. वेल्डिंगने लांब केलेले शेकल तर कधीच वापरू नये. ते तुटले तर पाटा मोकळा होतो.

चौथी पद्धत पाटा आणि ॲक्सल यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालण्याची. मालवाहू पिकअपच्या मागे पाटे ॲक्सलच्या वर असतात, तिथे तो घालता येतो. जुन्या जीपला आणि जिप्सीला पाटे ॲक्सलच्या खाली असतात. तिथे ठोकळा घातला तर गाडी उलट खाली बसेल. ठोकळा मागेच घालावा, पुढे कधीही नाही. एकावर एक दोन ठोकळे तर नाहीच नाही.

पाचवी पद्धत खालचे पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवण्याची. यात गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उचलते. ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि स्टेअरिंगचे दांडे बदलावे लागतात. जोर लावताना ॲक्सल पिळवटण्याचा धोकाही राहतो. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात जंगलातल्या चिखलातून गाड्या चालवण्याची स्पर्धा होत आली आहे. तिथल्या गाड्यांना असले बदल शोभतात. त्यांच्याबरोबर दोरखंड, विंच आणि मदतीची माणसे असतात. तुमच्याबरोबर मुले आणि आंब्याचे क्रेट असतात.

नव्या गाड्यांविषयी थोडे सांगतो. २०१० च्या थारला मागे पाटे असले तरी पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारा दांडा आहे. त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते. पण त्याने चाकाला खाली जाण्याची मोकळीक कमी होते आणि गाडी आदळू लागते. २०२० च्या थारला चारही चाकांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. स्प्रिंगवर ठोकळे घालून किंवा लांब स्प्रिंग घालून ती उंच करतात. पण तिचे पोट कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच उंच आहे. त्यावर आपल्या बागेच्या वाटेला आणखी काही लागत असेल, तर गाडीपेक्षा वाटेवरच खर्च करणे शहाणपणाचे.

काही ठिकाणी फक्त साटा आणि चौकट यांच्यामधे ठोकळे घालून "गाडी उंच केली" म्हणतात. त्यात चौकट होती तिथेच राहते. मोठ्या टायरला जागा मिळते एवढेच.

उंचीबरोबर काय काय बदलते

मेस्त्रीकडे जाताना ही यादी वहीत लिहून न्या, आणि एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहा.

ब्रेकच्या नळ्या. गाडीची चौकट जॅकवर उचला, चाके पूर्ण लोंबू द्या. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. नळी कुठेही ताणली जाता कामा नये आणि टायरला घासता कामा नये. हातब्रेकची केबलही अशीच तपासा.

शॉकअप. उंची वाढली की शॉकअपही त्या मानाने लांब लागतात. चाक लोंबले तरी शॉकअपमधे थोडी लांबी शिल्लक राहावी. चाक पूर्ण वर दाबले तरी शॉकअपच्या आधी रबरी ठोकळा टेकावा.

प्रोपेलर शाफ्ट. गाडी वर गेली की शाफ्टचा उतार वाढतो आणि त्याच्या टोकाचे क्रॉस जास्त कोनात फिरतात. गाडी विशिष्ट वेगाला थरथरू लागली तर समजावे की कोन चुकला. पाटा आणि ॲक्सल यांच्या मधे पोलादी पाचर घालून तो सुधारता येतो. शाफ्टचा सरकता भागही पाहा. चाके लोंबलेली असताना तो निदान दीड-दोन इंच आत अडकलेला राहिला पाहिजे.

स्टेअरिंग. आडव्या दांड्याचा उतार वाढला की खड्ड्यात चाक वरखाली होताना स्टेअरिंग आपोआप वळते. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्या, आणि पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कल मूळ मापात आहे का, हे आवर्जून विचारा.

मागच्या ब्रेकचा तोल. पिकअप आणि बऱ्याच नव्या गाड्यांत मागे एक झडप असते. मागची बाजू ओझ्याने किती बसली यावरून ती मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवते. गाडी उंच केली की झडपेला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. ही झडप पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे.

पुढचे दिवे. गाडी वर गेली की उजेडही वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भिंतीसमोर उभे करून दिवे खाली करून घ्या.

टायर मोठे घातले असतील तर वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो, इंजिनाला ओढायला जड जाते आणि थांबायला जास्त अंतर लागते.

शेवटी यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. नवे बोल्ट तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. बुश आणि शेकलचे बोल्ट मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळून लवकर फाटते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुढे पाचशेनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

घाटात आणि पाण्यात

आपल्या जिल्ह्यातून वर जायचे तर आंबोली, फोंडा, करूळ यांपैकी एखादा घाट चढावा लागतो. वळणावर गाडी किती स्थिर राहील हे चाकांमधली रुंदी आणि वजनाच्या मध्याची उंची यांवर ठरते. समजा दोन्ही चाकांतील रुंदी ५२ इंच आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून २८ इंचांवर आहे. तो तीन इंच वर नेला, तर उलटण्याला तोंड देण्याची गाडीची ताकद जवळजवळ एक दशांशाने घटते. त्यात टपावर पेट्या बांधल्या तर आणखी घटते. पूर्वी ज्या वेगाने वळण घेत होता, त्या वेगाने ते पुन्हा घेऊ नका.

पाण्याविषयीही एक गैरसमज आहे. गाडी उंच केली म्हणजे व्हाळ कितीही भरला तरी पार होता येते, असे पुष्कळांना वाटते. वाहत्या पाण्याचा जोर फार मोठा. फूटभर वाहते पाणी लहान मोटार ढकलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. पाटे दोन इंच उंच केल्याने त्यात फरक पडत नाही. साकवावर पाणी असेल तर गाडी अलीकडेच ठेवा आणि पाणी उतरण्याची वाट पाहा.

पुळणीवर जायलाही उंची लागत नाही. वाळूत गाडी रुतते ती टायरमधल्या जादा हवेमुळे आणि वजनामुळे. मुळात किनाऱ्यावर हौसेने गाडी घालूच नये. वायंगणी, तांबळडेग अशा आपल्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, ती चाकाखाली चिरडतात. शिवाय खारे पाणी पाट्यांत जाते ते वेगळेच. गाडी खाऱ्या पाण्यात गेलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, वाळवा आणि शेकलला ग्रीस द्या.

कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधे हेच पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

म्हणून काम करण्याआधी सिंधुदुर्गनगरीच्या परिवहन कार्यालयात गाडीची कागदपत्रे घेऊन जा आणि जे करायचे आहे ते सांगून विचारा. विमा कंपनीलाही लेखी विचारा. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेला बदल निघाला, तर भरपाईवर वाद होतो. पासिंगच्या वेळी अडचण येते ती वेगळीच. मूळ मापाचे नवे पाटे, बुश, शॉकअप घालणे ही दुरुस्ती आहे, तिला ही भीती नाही. हाही तिचा एक मोठा फायदा.

देवगडच्या वाचकांना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या पत्रावरून गाडी जुनी आहे आणि माल भरल्यावर मागची बाजू फार बसते असे दिसते. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी चारही पाटे उतरवून एकेक पाटा उघडून पाहा. थकलेले असतील तर मूळ मापाचे नवे घाला, बुश आणि शॉकअप त्याच वेळी बदला. इंजिनाखाली गार्ड बसवा. मग पाणंदीकडे वळा. दोन्ही चाकोऱ्यांत जांभ्याचे तुकडे आणि वर खडी घालून त्या चार-सहा इंच उचला, आणि मधला उंचवटा कुदळीने काढून टाका. घरची चार माणसे लागली तर दोन-चार दिवसांत वाट सुधारते. एवढे करून एक हंगाम गाडी चालवा आणि वहीतले आकडे पुन्हा तपासा.

त्यानंतरही चौकट घासत असेल, तर परवानगीचे विचारून जास्त बाकाच्या नव्या पाट्यांनी दीड-दोन इंच वाढवा, त्याहून अधिक नको. खर्चाचा अंदाज घेताना पाट्यांबरोबर शॉकअप, ब्रेकच्या नळ्या, यू-बोल्ट आणि अलाइनमेंट यांचे पैसे आधीच धरा. एवढ्याची तयारी नसेल तर ते काम पुढच्या वर्षावर ढकला.

आणखी एक गोष्ट घरातल्या भगिनींना विचारल्याशिवाय करू नका. उंच गाडीत चढताना आजीचा गुडघा, गरोदर सुनेचा पाय आणि लहान मुलाचा तोल यांचा विचार त्यांनाच सुचतो. रात्री-अपरात्री दुखणेकऱ्याला घेऊन ओरोसच्या रुग्णालयात जायची वेळ आली, तर त्याच गाडीत त्याला उचलून घालायचे असते. गाडी खरेच उंच केली तर मजबूत पायरी आणि आत धरायला कडी त्याच दिवशी बसवा.

आणि काम करून गाडी घरी आणाल तेव्हा पहिल्या दिवशी मुलाबाळांना बसवू नका. एकट्याने, रिकामी गाडी घेऊन मोकळ्या सड्यावर जा. हळू चालवा, जोरात ब्रेक दाबून पाहा, दोन्ही बाजूंना वळवा, खड्ड्यात एक चाक सोडून पाहा, आणि परत येऊन पुन्हा पोते अंथरून खाली डोके घाला. सगळे कोरडे आणि जागच्या जागी असेल, तर मग घरच्यांना हाक मारा.